गाडी वेशीपर्यंत : फ्लोरेन्स ते अमाल्फी, तेरा दिवसांचा प्रवास

घाटवाट (धागाकर्ता)

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांची आई, तेरा दिवस इटलीत होतो. सगळे दिवस गाडी हाताशी ठेवायची असा माझा मूळ बेत होता. त्या देशात काही वर्षे काढलेल्या एका मित्राने तो बेत पाहिला आणि सात रात्रींपुरतीच गाडी घेण्याचा आग्रह धरला. त्याचे ऐकले याचे आज फार समाधान वाटते. इटलीतील मोटारप्रवासाविषयी येथे वारंवार विचारणा होते, म्हणून आमचा मार्ग आणि त्यातून तयार झालेले मत सविस्तर लिहितो.

पहिल्या तीन रात्री फ्लोरेन्समध्ये होतो, गाडीविना. चौथ्या दिवशी सकाळी तेथील विमानतळाजवळून गाडी ताब्यात घेतली, त्यामुळे शहराच्या आत ती एकदाही न्यावी लागली नाही. तेथून सिएना करून दक्षिणेला वाल दोर्चा या खोऱ्यात पिएंझाजवळच्या एका शेतघरात चार रात्री राहिलो. मग ओर्व्हिएतो पाहून टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रियातील उंबेर्तिदे गावाजवळ तीन रात्री काढल्या. अकराव्या दिवशी लांबचा पल्ला होता; वाटेत कासिनोला थांबून सालेर्नोला पोहोचलो, गाडी परत केली आणि उरलेले दोन दिवस अमाल्फीचा किनारा बोटीने पाहिला. एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर जादा आकार पडतो. तो भरणे परवडते, कारण उलट्या प्रवासाचा एक अख्खा दिवस वाचतो.

सिएनाच्या पालाझ्झो पुब्लिको या नगरभवनात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेले एक भित्तिचित्र आहे. चांगल्या कारभाराचे शहरावर आणि खेड्यांवर होणारे परिणाम हा त्याचा विषय. डावीकडे गजबजलेले शहर, उजवीकडे शेते आणि टेकड्या, आणि दोहोंच्या मध्ये तटबंदीची वेस. वेशीतून उमराव घोड्यांवर बसून शिकारीला बाहेर पडत आहेत, तर शेतकरी माल लादलेली जनावरे आणि अंगावर पांढरा पट्टा असलेले एक डुक्कर घेऊन शहराकडे येत आहेत. त्या चित्रासमोर उभा असताना मला आमच्या प्रवासाची आखणी नीट उमगली. शहर पायी पाहायचे, शिवार गाडीने पाहायचे, आणि गाडी वेशीच्या आत न्यायची नाही.

ही वेस आजही तेथे आहे, फक्त तिच्यावर पहारेकऱ्याऐवजी कॅमेरा बसला आहे. जवळपास प्रत्येक जुन्या शहराचा गाभा आणि कित्येक छोटी गावेही ‘झोना त्राफिको लिमितातो’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र, म्हणून राखलेली असतात. खूण अगदी साधी असते: पांढरी गोल पाटी, तिच्याभोवती लाल कडे, आणि बऱ्याच ठिकाणी शेजारी एक प्रकाशफलक. या फलकाने मला चकवले. एका छोट्या डोंगरी गावात फोनवरचा नकाशा आम्हाला थेट चौकात नेत होता आणि फलकावर ‘वार्को आत्तिव्हो’ अशी अक्षरे पेटलेली होती. ‘आत्तिव्हो’ म्हणजे चालू, म्हणजे रस्ता चालू आहे, असा अर्थ मी लावला आणि आत गेलो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ पहारा चालू आहे असा होतो. रस्ता मोकळा असतो तो ‘नोन आत्तिव्हो’ लिहिलेले असताना. पाच आठवड्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीने माझी माहिती पोलिसांना दिल्याचे शुल्क कार्डावरून कापले आणि पुढे तीन महिन्यांनी दंडाची नोटीस घरी आली. सगळे मिळून रक्कम दीडशे युरोंच्या घरात गेली. चूक माझीच होती, आणि पाटी वाचायला लागणाऱ्या चार सेकंदांत ती टळली असती.

आता शिवाराविषयी. वाल दोर्चाची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात: लाटांसारख्या टेकड्या, माथ्यावर एकच घर, त्याकडे जाणारी सरूच्या झाडांची रांग. हे दृश्य निसर्गाने दिले आहे असा माझा समज होता. चौदाव्या-पंधराव्या शतकांत हे खोरे सिएनाच्या ताब्यात आले आणि तेव्हा चांगल्या कारभाराचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून त्याची मांडणी नव्याने केली गेली. २००४ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला तोही याच कारणाने. म्हणजे लोरेन्झेत्तीच्या भिंतीवरचा उजवा भाग पुढे जमिनीवर उतरवला गेला, आणि आपण त्यातून गाडी चालवत जातो. सान क्विरिको दोर्चा ते पिएंझा हा प्रांतीय रस्ता, क्रमांक १४६, जेमतेम दहा किलोमीटरचा आहे. आम्ही चार दिवसांत तो सहा वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी कोठे ना कोठे थांबलो.

एक गोष्ट आधीच सांगणे योग्य होईल. सप्टेंबरअखेर ही शेते हिरवी नसतात. गव्हाची कापणी उन्हाळ्यात उरकलेली असते आणि जमीन नांगरून टाकलेली असते. सिएनाच्या दक्षिणेची ‘क्रेते’ नावाची चिकणमाती नांगराखाली मोठमोठ्या राखाडी ढेकळांत फुटते आणि दुपारच्या उन्हात ती ढेकळे कडेला चकाकतात. मला हे रूप हिरव्या रूपापेक्षा अधिक भावले, परंतु ज्यांना हिरवा गालिचा पाहायचा आहे त्यांनी एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जावे.

राहण्यासाठी ‘आग्रितुरिझ्मो’ हा प्रकार निवडावा. शेतकऱ्याने शेती सांभाळून पाहुण्यांची सोय करावी यासाठी इटलीने १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तेव्हापासून ओसाड पडू लागलेली कितीतरी शेतघरे पुन्हा नांदती झाली. आमच्या घरमालकीण बाईंनी तिसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलावून ‘पीची’ करून दाखवली. ही त्या भागातली हाताने वळलेली जाड शेवई. कणीक पाणी आणि थोड्या ऑलिव्ह तेलात भिजवायची, पट्ट्या कापायच्या आणि ओट्यावर तळव्याखाली पुढेमागे वळत लांबवत न्यायच्या. आई दोन मिनिटे पाहत राहिली, मग हात धुऊन आली आणि तिच्या शेजारी उभी राहून वळू लागली. आयुष्यभर बोटव्या आणि गव्हले वळलेल्या हातांना काहीच शिकवावे लागले नाही. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, परंतु पट्टी फार कोरडी झाली की पाण्याचे बोट लावायचे ही खूण दोघींचीही एकच होती. गाडी नसती तर त्या घरापर्यंत आम्ही पोहोचलो नसतो. सर्वात जवळचा बसथांबा तेथून सहा किलोमीटरांवर होता.

फ्लोरेन्समधील कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्मारक आणि उंब्रियातील मोंतोने गाव ही दोन ठिकाणे आम्ही ठरवून पाहिली. कोणाला रस असेल तर त्यांविषयी पुढे लिहीन.

पो_काठ

मी अकरा वर्षे एमिलिया भागात राहत आहे. लेख मनापासून आवडला. नियमांच्या बाबतीत थोडी भर घालते, कारण भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची अडचण बहुधा येथेच होते.

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ हवाच. तो आपल्या परिवहन कार्यालयाकडून निघण्यापूर्वी काढावा लागतो आणि एक वर्ष चालतो. परवाना इंग्रजीत आहे एवढे येथे पुरत नाही. गाडी देताना कोणी मागितला नाही तरी रस्त्यावर पोलिसांनी थांबवल्यास दाखवावा लागतो. चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्डही जवळ असू द्यावे, डेबिट कार्डावर पुष्कळ ठिकाणी गाडी मिळत नाही. क्लच नसलेली गाडी हवी असेल तर तसे आरक्षण करतानाच नमूद करावे, येथे अजूनही हाताने गिअर टाकायच्या गाड्या सर्रास दिल्या जातात. उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकण्याची सवय व्हायला दोन दिवस जातात.

हिरव्या पाट्या म्हणजे टोल असलेला ‘औतोस्त्रादा’, निळ्या पाट्या म्हणजे इतर महामार्ग. औतोस्त्रादावर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर आणि पावसात ११०, साध्या रस्त्यांवर ९० आणि वस्तीत ५०. औतोस्त्रादावर शिरताना यंत्रातून तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. तिकीट हरवले तर सर्वांत दूरच्या नाक्यापासून आल्याचे धरून टोल घेतला जातो, म्हणून ते सूर्यपडदीत खोचून ठेवावे. ‘तेलेपास’ लिहिलेल्या पिवळ्या मार्गिकेत चुकूनही शिरू नये, ती यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. शिरलातच तर मागे घेऊ नका. नाक्यावरच्या बटणाने मदत मागवा, मग पावती छापून मिळते आणि पैसे नंतर भरता येतात.

पार्किंगच्या रेषांचे रंग पाठ करून ठेवावेत: पांढऱ्या मोफत, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव. पेट्रोलला ‘बेन्झिना’ आणि डिझेलला ‘गासोलिओ’ म्हणतात. पंपावर ‘सेर्व्हितो’ लिहिलेल्या रांगेत माणूस भरून देतो आणि लिटरमागे बरेच जास्त पैसे पडतात. ‘फाई दा ते’ म्हणजे स्वतः भरा.

घाटवाट यांना दंडाविषयी एक सांगते. नोटीस हाती पडल्यापासून पाच दिवसांत भरल्यास रकमेत तीस टक्के सूट मिळते. आणि मुक्काम अशा क्षेत्राच्या आत असेल तर हॉटेलला गाडीचा क्रमांक आधी कळवावा. ते तो नोंदवून देऊ शकतात.

निळीशाई

आम्ही पुढच्या मे महिन्यात आईवडिलांना घेऊन जाणार आहोत. दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत आणि वडिलांचे गुडघे दुखतात. डोंगरावरची ही गावे त्यांना झेपतील का? आणि खाण्याचे काय करावे?

घाटवाट

निळीशाई, गुडघ्यांची काळजी आम्हालाही होती, पण तिचे उत्तर फार चांगले मिळाले. गाडी वेशीबाहेर ठेवायला लावणाऱ्या या शहरांनी वेशीपासून वर जाण्याची सोयही करून ठेवली आहे. सिएनामध्ये सांता कातेरिना वाहनतळावरून सरकते जिने थेट वर, कॅथेड्रलच्या जवळ आणून सोडतात. ओर्व्हिएतो हे ज्वालामुखीच्या मऊ खडकाच्या उभ्या कड्यावर वसलेले शहर आहे, परंतु पायथ्याच्या वाहनतळावरून लिफ्ट आणि सरकते जिने आहेत आणि रेल्वेस्थानकावरून दोरीने ओढली जाणारी छोटी गाडीही आहे. पेरुजाचे जिने मला सर्वांत विलक्षण वाटले. पोप पॉल तिसरे यांनी सोळाव्या शतकात विरोधक घराण्याच्या वस्तीवर किल्ला बांधला आणि तिच्या गल्ल्या, घरांच्या भिंती तशाच तळघरात गाडल्या गेल्या. आजचे सरकते जिने त्या गाडलेल्या गल्ल्यांमधून वर जातात. आई तेथे बराच वेळ थांबली होती.

ओर्व्हिएतोच्या सान पात्रिझिओ विहिरीत मात्र वडिलांना नेऊ नका. ती ५३ मीटर खोल आहे. तिला उतरण्याचे आणि चढण्याचे जिने वेगवेगळे असून ते एकमेकांभोवती गुंफलेले आहेत, त्यामुळे पाणी आणणारी खेचरे कधी समोरासमोर येत नसत. पाहण्यासारखी आहे, पण २४८ पायऱ्या उतरून तितक्याच चढाव्या लागतात. मी आणि मुलगा उतरलो, आई आणि पत्नी वरच्या कठड्याशी बसल्या.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आणखी एक: दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला आसन-उंचवटा (बूस्टर सीट) लागतो, वय कितीही असो. आमचा मुलगा १४६ सेंटीमीटरचा आहे, त्यामुळे आम्हाला तो घ्यावा लागला. आरक्षण करतानाच मागून ठेवा.

पो_काठ

खाण्याविषयी मी सांगते. शाकाहारी मनुष्य इटलीच्या ग्रामीण भागात उपाशी राहत नाही, उलट शहरांपेक्षा खेड्यांत त्याची चंगळ होते, कारण टस्कनीचे, म्हणजे फ्लोरेन्स-सिएनाकडच्या भागाचे, जुने जेवण हे गरिबाघरचे, कडधान्य आणि पावाचे जेवण आहे. ‘रिबोल्लिता’ म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळसर कोबीची पाने एकत्र शिजवलेले घट्ट सार. ‘पाप्पा आल पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. घाटवाट यांनी लिहिलेली पीची ‘आल्योने’ या मोठ्या पाकळ्यांच्या लसणाच्या रश्शात मिळते, तीही चालेल. पिसा आणि लिव्होर्नोकडे गेलात तर चण्याच्या पिठाची ‘चेचिना’ आवर्जून खावी. पीठ, पाणी, तेल, मीठ एवढेच कालवून भट्टीत भाजतात. आपल्या बेसनाच्या पोळ्याची ती चुलत बहीण शोभते. टस्कनीचा पाव अळणी असतो, त्यात काही चुकले आहे असे समजू नये.

पक्के शाकाहारी असाल तर चीजकडे लक्ष द्यावे लागेल. पार्मिज्जानो रेज्जानो करताना वासराच्या जठरातील विरजण वापरतात, त्याला पर्याय नसतो. मेंढीच्या दुधाच्या काही चीजमध्ये वनस्पतीचे विरजण असते. दुकानात ‘काल्यो व्हेजेताले’ असे विचारावे. रश्शासाठी मांसाचे पाणी वापरले आहे का, हेही विचारण्यात संकोच करू नये, विचारल्यास लोक खरे सांगतात. बिलावर माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणून लावलेले असतात, तो बैठकीचा आणि पावाचा आकार आहे. दुपारी अडीचनंतर खेड्यातले स्वयंपाकघर बंद होते आणि साडेसातपर्यंत उघडत नाही. वडीलधारी माणसे बरोबर असताना हे वेळापत्रक पाळणे अतिशय महत्त्वाचे.

कोरीगड

लेख उत्तम आहे, परंतु अमाल्फीच्या बाबतीत मी सहमत नाही. आम्ही मार्चमध्ये पोझितानोपासून व्हिएत्रीपर्यंत तो राष्ट्रीय रस्ता क्रमांक १६३ स्वतः गाडी चालवून पार केला. माझ्या आयुष्यातील तो सर्वांत सुंदर रस्ता होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि प्रत्येक वळणावर नवे गाव. वरंधा किंवा आंबोलीचा घाट चालवलेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बोटीतून तो रस्ता फक्त लांबून दिसतो. मोटारप्रवासाला निघालेल्याने इटलीतील सर्वांत प्रसिद्ध रस्ताच वगळावा, हे मला पटत नाही.

पो_काठ

कोरीगड, तुम्ही मार्चमध्ये गेलात म्हणून तो आनंद मिळाला. गर्दीच्या हंगामात त्या रस्त्यावर ठरावीक दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात गाडीच्या क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार सम-विषम नियम लागू असतो, आणि ऑगस्टमध्ये तो रोज असतो. तारीख ठरली की त्या वर्षीचा आदेश पाहून घ्यावा. शिवाय उन्हाळ्यात वाहनतळात जागा मिळणे हेच मोठे दिव्य असते.

घाटवाट

कोरीगड, तुमचा मुद्दा मी मान्य करतो आणि मार्चमध्ये जाणाऱ्यांनी तुमचेच ऐकावे. माझा आक्षेप अवघडपणाला नाही. तो रस्ता चालवणाऱ्याला पाहता येत नाही, ही माझी अडचण आहे. समोरून प्रवासी बस आली की दोन्ही आरसे मिटवायचे, मागच्या गाड्यांसह मागे सरकायचे, आणि हे प्रत्येक वळणावर. अशा वेळी समुद्र इतरांना दिसतो. मला माझ्या वाट्याचा किनाराही पाहायचा होता.

आम्ही सालेर्नोच्या धक्क्यावरून सकाळची बोट घेतली. बोटीतून जे दिसते ते रस्त्यावरून दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे. व्हिएत्री, चेतारा, माजोरी, मिनोरी, मग अमाल्फी, अशी गावे एकामागून एक उलगडत जातात आणि त्यांच्या वर डोंगराच्या उभ्या अंगावर शे-दीडशे पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या दगडी बांधांच्या ताली चढत जातात. त्या तालींवर लांबट, टोकदार लिंबांच्या बागा आहेत. चेस्टनटच्या खांबांचे मांडव घालून त्यांवर फांद्या बांधलेल्या असतात आणि थंडी-गारपिटीपासून जपायला वरून जाळ्या पसरतात. बांध चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून रचलेले असतात. शेतकरी गेला आणि बांधाची डागडुजी थांबली की पावसात माती खाली येते. ही गोष्ट अमाल्फीत लिंबे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातवारे करून आम्हाला समजावली. त्यांनी लिंबू कापून, साल आणि पांढऱ्या गरासकट, वर मीठ टाकून खायला दिले. ते आंबट कमी आणि सुगंधी जास्त होते, आणि जाड पांढरा गर चक्क गोडसर होता.

चेताराला मात्र उतरावे. लाकडी पिंपांत मिठाचे थर देऊन मुरवलेल्या छोट्या मासळीचा गाळलेला रस, ‘कोलातुरा’, ही त्या कोळीवाड्याची खासियत आहे. शाकाहारी मंडळींनी त्या गल्लीत जाऊ नये, वास पक्का आहे.

पंचगंगा

मी कोल्हापूरची आहे. आपण फ्लोरेन्समधील स्मारकाचा फक्त उल्लेख करून पुढे गेलात, म्हणून मुद्दाम लिहिते. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. फ्लोरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती आणि दहनाची तेथे रीत नव्हती. तरीही विशेष परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. संगमच निवडला, हे वाचताना आजही गलबलून येते. १८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली आणि आतला अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. महाराजांनी त्या दौऱ्यात लिहिलेली रोजनिशी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. शेजारचा मोठा पूलही ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल, म्हणून ओळखला जातो. तेथे कसे पोहोचलात, आणि छत्रीची स्थिती कशी आहे, ते कृपया लिहा.

घाटवाट

पंचगंगा, आपण लिहिलेत ते फार बरे झाले, माझ्या एका ओळीने त्या जागेला न्याय मिळाला नव्हता. छत्री ‘काशिने’ या नदीकाठच्या लांबलचक उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्राम उद्यानाच्या शहराकडील टोकाला सोडते आणि तेथून नदीच्या कडेने बरेच चालावे लागते. आईला आम्ही टॅक्सीने नेले, मी आणि मुलगा चालत गेलो. सकाळी साडेआठला तेथे धावायला आलेले चार-दोन लोक होते. रंगीत घुमटाखाली फेटा बांधलेला तो तरुण चेहरा पाहिला की आपण कोणत्या देशात उभे आहोत हे क्षणभर कळत नाही. छत्री लोखंडी कुंपणाच्या आत आहे आणि ती नीट उभी आहे. मुन्योने ही नदी म्हणजे आज एक लहानसा प्रवाह आहे, पण संगम स्पष्ट दिसतो. आईने येताना हॉटेलजवळच्या दुकानातून झेंडूसारखी पिवळी फुले घेतली होती, ती तिने कुंपणाशी ठेवली.

निळीशाई

मोंतोनेबद्दल अजून लिहिले नाहीत. नकाशावर ते उंबेर्तिदेजवळ दिसते आहे. तेथे काय आहे?

घाटवाट

निळीशाई, मोंतोनेमुळेच आम्ही उंब्रियात तीन रात्री ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. त्यांतील तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी याच टायबरच्या खोऱ्यात होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, आणि काडतुसे भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगडातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे. माझ्या आईचे माहेर त्याच तालुक्यात आहे आणि माणगावचा त्यांचा पुतळा तिला चांगला माहीत आहे. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले, हे मी तिला सांगितले, तेव्हाच आमचा मार्ग ठरला.

मोंतोने हे टेकडीवरचे तटबंदीचे गाव आहे. गाडी खाली ठेवून आम्ही सावकाश वर गेलो. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्या स्मारकासाठी निवडले आहे. त्या दिवशी ढग होते आणि सावली पडलेली नव्हती. आई म्हणाली, ऊन येईपर्यंत थांबू. आम्ही पाऊण तास थांबलो. ऊन आले तेव्हा तिने नातवाला सावली दाखवायला लावली आणि मगच ती उठली.

घाडगे यांची समाधी कोठेही नाही. त्यांचे नाव कासिनोच्या युद्धस्मशानभूमीतील स्मारकावर आहे, ज्यांच्या कबरींचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत. कासिनो गाव मुख्य औतोस्त्रादाच्या नाक्यापासून जवळ आहे, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना तास-दीड तास काढणे अवघड नाही. नावे हिरव्या संगमरवरावर पलटणींनुसार कोरलेली आहेत, म्हणून मराठा लाइट इन्फंट्री शोधावी. आम्हाला नाव सापडायला वीस मिनिटे लागली. आईला इंग्रजी अक्षरे सराईतपणे वाचता येत नाहीत, म्हणून मुलाने एकेका अक्षरावर बोट ठेवून तिला ते वाचून दाखवले. त्याच्या खालची आणि वरची नावेही तिने वाचायला लावली, पवार, शिंदे, जाधव अशी आडनावे ऐकू आली की ती मान हलवत होती. दोन वाजता आम्ही निघालो. सालेर्नोला सहाच्या आत गाडी परत द्यायची होती.